तळाची खरवड

ता. १४, गुरुवार, दुपारचे तीन

प्रिय बब्या,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील. स्वयंपाक्याला हे काय लिहायचं म्हणशील, पण सगळ्यांना वाढून स्वतः उभ्या उभ्या पावाचा तुकडा तोंडात कोंबणारी जात तुमचीच. पत्राला उशीर झाला असं म्हणायचीही सोय नाही, कारण चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तूही नाहीस. तेव्हा फिट्टंफाट समजू आणि पुढे जाऊ.

आम्ही दोघं बरे आहोत. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. तुझ्या भाऊजींचे केस गेले, शिस्त मात्र आहे तशीच, रुमालाची घडी वाकडी पडली की अजून कपाळाला आठ्या. मावशी मजेत आहे. तुझी खबर तिच्याकडूनच लागते. ती सांगते अर्धी आणि रडते पूर्ण, त्यामुळे बाकीची मला जुळवून घ्यावी लागते.

सध्या आम्ही दोन दिवसांसाठी एका जुन्या घरात राहायला आलोय. कधीकाळी कुणा बड्या जमीनदाराचं होतं, आता हॉटेल आहे. फाटकापासून दारापर्यंत मोटारीनं चार मिनिटं लागतात आणि ती चार मिनिटं आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटत राहतं. जिन्याच्या भिंतीवर जुन्या मालकांच्या तसबिरी आहेत, प्रत्येकाचा चेहरा पोट बिघडल्यासारखा. आमच्या खोलीत न्हाणीच्या टबाला चार पाय आहेत. पलंगाशेजारी नोकराला बोलवायची दोरी लोंबतेय, पण खोल्या बघणाऱ्या बाईंनी आल्या आल्याच सांगितलं, "ती ओढू नका हं, वरून प्लास्टर पडतं." मला त्या बाई लगेच आवडल्या.

खिडकीतून भाजीचा मळा दिसतो. वाफे आखीव आहेत, प्रत्येक वाफ्यावर पाटी. एक म्हातारा माळी गाजरं उपटून टोपलीत ठेवतोय आणि प्रत्येक गाजराकडे रागानं बघतोय. स्वयंपाकघराचं दार मळ्याच्या बाजूला उघडतं. मघाशी त्या दारात एक माणूस पाठमोरा उभा होता. पांढरा कोट, डावा खांदा थोडा खाली.

डावा खांदा खाली टाकून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. हे घर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, बब्या. मी तुझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून हे लिहितेय. इथला छापील कागद टेबलावर आहे, पण मी माझ्या वहीचं पान फाडून घेतलं.

तोच दिवस, संध्याकाळी सहा

जेवायला जायला अजून तास आहे. तोवर एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढची सांगता येईल.

तुझे भाऊजी विम्याच्या कामासाठी फिरतात असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. आईसुद्धा तेच समजून गेली. ते विम्याचं काम करत नाहीत. वीस वर्षं ते त्या पुस्तकासाठी हिंडतायत, ज्यात अशा घरांच्या नावापुढे गव्हाच्या ओंब्या छापतात. कुठे एक, कुठे दोन. तीन ओंब्या मिळाल्या की वर्षभर खोल्या भरलेल्या, आणि असलेली एखादी गेली की वाढप्यांनी दुसरीकडे नोकऱ्या बघायच्या. हे तुला मी काय सांगायचं.

या कामाचा नियम असा की घरच्यांनाही सांगायचं नाही. खोटं नाव लावून उतरायचं, दोन रात्री राहायचं, दोनदा जेवायचं, आणि परत जायच्या आधी अहवालाचा कागद भरायचा. आणखी एक नियम आहे. स्वयंपाकघरात कुणी नात्यातलं निघालं, तर घास तोंडात असला तरी तिथून उठायचं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. वासाबरोबर चवही गेली. खारट, गोड एवढं कळतं, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणतात. कचेरीत कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल. ह्यांना दुसरं काही येत नाही. म्हणून तेव्हापासून मी बरोबर जाते. टेबलावर मी बडबड करते. "अहो, लिंबू जरा पुढे आलंय का?" "मासा मऊ आहे, पण सालीला जोर नाही." वाढपी मला नखरेल बाई समजतात. हे मान डोलावतात, खोलीवर जाऊन लिहून काढतात. त्यांची भाषा आणि माझी जीभ. लोक म्हणतात, अलीकडे तुमच्या लिखाणाला धार आलीये.

आता तुझ्या लक्षात येऊ लागलं असेल. थोड्या वेळानं खाली जेवणाची घंटा होईल. खोलीत ठेवलेला आजच्या जेवणाचा कागद मी तीनदा वाचलाय. वर फक्त घराचं नाव आहे, स्वयंपाक्याचं नाही. सात पदार्थ. शेवटची ओळ, "मंद आचेवर आटवलेलं दूध". हे अंघोळ करतायत, त्यांना काहीच माहीत नाही. नियमानं मी आत्ता दार वाजवून सांगायला हवं, की चला, सामान भरा. मी सांगणार नाहीये. मला तुझ्या हातचं खायचंय.

ता. १५, शुक्रवार, सकाळ

जेवले. पहिले सहा पदार्थ असे होते की मला बडबड सुचेना. बीटाच्या चकत्यांवरचं ते आंबट पाणी, तुझा धुरावलेला मासा, कोकराचं मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. हे हळूच विचारत होते, "काय गं, गप्प का?" मी म्हटलं, "चांगलं आहे म्हणून."

मग दूध आलं.

ते सांगायच्या आधी मला दोन वर्षं मागे जावं लागेल. तू तेव्हा नदीकाठच्या त्या घरात होतास. तिथंही कागदावर फक्त मालकाचं नाव होतं. देवाशपथ, तू तिथं आहेस हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी वाटी आली आणि ती नाकाजवळ नेताच मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई शिवणयंत्रावर, दूध गॅसवर, ती विसरलेली. दर दोन दिवसांनी तळाला दूध लागायचं, आणि ओरडायच्या ऐवजी ती पातेलं आपल्या दोघांच्या मध्ये ठेवायची. तळाची तपकिरी खरवड चमच्यानं काढायची, वाटणी मी करायची, कारण मी मोठी. तू त्या वाटीत तेच केलं होतंस. दूध गोड, दाट, आणि मध्ये तो करपलेला कडू पापुद्रा, मुद्दाम, मोजून, जिथं हवा तिथं. त्याहून चांगलं मी आजवर काही खाल्लेलं नाही.

हे विचारत होते, "कसंय?"

मी म्हटलं, "दूध करपलंय."

बस, एवढंच. ह्यांना वास येत नव्हता, त्यांनी विश्वास ठेवला. पुढचं तू पुस्तकात वाचलंस: ज्या स्वयंपाकघरात दुधाकडे लक्ष नाही, तिथं बाकी कशावर भरवसा ठेवायचा. मला ते वाक्य पाठ आहे. ओंबी गेली, आणि तीन महिन्यांत तुला घालवलं. मावशीनं सांगितलं की तू वर्षभर गॅस पेटवला नाहीस, पहाटे गाडीतून पाव टाकत फिरलास. ती सांगत होती आणि मी तिच्यासमोर बसून चहा पीत होते.

का केलं? मी स्वतःला सांगत आले की नातं उघडं पडू नये म्हणून कडक वागले. ते खोटं आहे. मला राग आला होता. आई अकरा दिवस अंथरुणावर होती. मी तुझ्या स्वयंपाकघरात फोन केले, कुणीतरी म्हणायचं, "ते कामात आहेत." तू आलास तेव्हा सगळं आवरून झालं होतं. मी दारातच तुला म्हटलं, "आता काय शिजवायला आलास?" आणि तू चपला न काढता परत गेलास. त्यातले किती निरोप तुझ्यापर्यंत पोचले, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारलं असतं तर कदाचित रागावायला जागा उरली नसती. त्या वाटीसमोर मला वाटलं, जिच्याजवळ बसायला तुला वेळ नव्हता, तिचं करपलेलं दूध तू चांदीच्या चमच्यानं परक्यांना भरवतोयस. आणि खरं सांगायचं तर तुझा हेवाही वाटला. आईजवळ मी होते, पण तिची आठवण जशीच्या तशी जपली होतीस तू.

आता कालची वाटी. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, कुठे डाग नाही. मी चमचा तळापर्यंत नेला. तळाशीही काही नव्हतं. कुणाला खोट काढता येणार नाही असं, आणि कुणाला आठवणार नाही असंही. एवढा चांगला स्वयंपाकी शेवटच्या वाटीशी आला की घाबरतो, आणि ती भीती मी घातलेली आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढप्यानं विचारलं, "बाईसाहेब, काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचं नाही."

शुक्रवार, दुपार

न्याहारीनंतर मी ह्यांना सगळं सांगितलं. तू खाली आहेस हे, आणि नदीकाठचंही.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "त्या दिवशी दूध करपलं होतं की नव्हतं?" मी म्हटलं, "मुद्दाम करपवलं होतं. उत्तम होतं." त्यांनी रुमालाची घडी केली, ती वाकडी झाली, तशीच ठेवली आणि बाहेर गेले.

मी खिडकीतून बघत होते. तासभर ते मळ्यात उभे होते. वाफ्यातलं एक पान खुडलं, बोटांनी चुरगळलं, नाकाशी धरलं. तीन वर्षं काही कळत नाही, तरी हात जातोच. मग माळ्याशी काहीतरी बोलले. मला वाटलं, आता ते गाडीत बसून एकटेच जातील.

ते वर आले आणि टेबलावरचा अहवालाचा कोरा कागद पुढे ओढला. सात पदार्थांचे सात रकाने त्यांनी रिकामे सोडले, आणि खाली लिहिलं की या घराची पाहणी करायला मी लायक नाही, आणि तीन वर्षांत केलेली एकही धरली जाऊ नये. सही केली. मला म्हणाले, "नाकाचं मी लिहिलंय. जिभेचं तू लिही." तेवढं बोलून आडवे झाले. आत्ता भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत. माझ्याशी परत कधी नीट बोलतील की नाही, मला सांगता येत नाही.

वीस वर्षांची नोकरी माझ्या एका वाक्यापायी गेली, तुझी गेली तशीच. एका जिभेनं दोन घरं उठवली.

छापलेलं परत घेता येत नाही, ते मला माहीत आहे. पण ह्यांचा कागद पोचल्यावर कचेरी या घरासाठी दुसरा माणूस पाठवील. कधी, कोण, ते आम्हालाही कळणार नाही. तो येईल तेव्हा त्याच्यापुढे ते पांढरं दूध ठेवू नकोस, बब्या. नदीकाठची वाटी ठेव. त्याला आवडेलच असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसानं नावं ठेवली त्याला चव कळत नव्हती, आणि जिला कळत होती ती खोटं बोलली, एवढं तरी तुला माहीत असावं. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती.

हे पत्र खोल्या बघणाऱ्या बाईंच्या हाती देतेय. वाचून तू वर यावंस असं मला फार वाटतं, पण बोलावत नाही. बोलवायचा हक्क मी दारात उभी राहून घालवला. आज रात्रीच्या जेवणाला आम्ही आमच्या खऱ्या नावांनी बसू. तुला वाटलं तर आम्हाला न वाढता पाठवून दे, मी कुणाला दोष देणार नाही.

आणखी एक. लहानपणी पातेलं मध्ये ठेवून मी खरवडीचे दोन भाग करायची आणि म्हणायची, तू लहान, तुझा भाग मोठा. तू डोळे मिटून तोंड उघडायचास. तेव्हाही मी त्यातलं अर्धं आधीच खाल्लेलं असायचं. तू कधी मोजलं नाहीस.

तुझ्या वाटचं खाल्लेली,
ताई