गिअरबॉक्सला आलेला ताप

पनवेल,
रविवार, दुपारची भांडी आवरल्यावर

सौ. विहीणबाई यांस मनिषाचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतील तितकाच, उरलेला मनातून).

तुमची कंबर आता कशी आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? नसेल गेला तर सोबतच्या डब्यातल्या सुंठीच्या वड्या त्यांना द्या. डब्यात आणखी काय आहे, असं ते विचारतीलच, पण दाखवू नका. लाडू तुमच्यासाठी आहेत. इकडे स्नेहल बरी आहे आणि आपली आभा तर फारच बरी आहे. हल्ली माणूस ओळखून हसते (पंख्याकडे बघून जास्त हसते, पण आम्ही ते मनाला लावून घेत नाही). थोडक्यात, इकडचं सगळं क्षेम आहे, गाडी सोडून. आता फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण विहीणबाई, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते व्याहीबुवा आणि त्यांचं सकाळचं चहाचं मंडळ यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

ठरलं होतं बुधवारचं, हे मी विसरलेले नाही. इंद्रजीतराव बारशाला आले, तिथून कंपनीच्या कामाला चेन्नईला गेले आणि आपली गाडी आमच्या दारात ठेवून गेले, की बाबांनी बुधवारी लेकीला आणि नातीला नाशिकला पोचवावं. त्यासाठी तुम्ही खोलीला रंग दिलात, पाळण्याला नवे दोर बांधलेत, शेजारणींना हळदीकुंकवाचं आमंत्रण केलंत. आणि बुधवारी गाडी आली नाही, गुरुवारी नाही, आज रविवार, आजही नाही. फोनवर तुम्ही "असू दे हो" म्हणालात खऱ्या, पण त्यातला "दे" जरा लांबला होता, तो मला ऐकू आला. टॅक्सी करून पाठवलं असतं, पण नात पहिल्यांदा घरी येणार ती घरच्याच गाडीतून, हे तुमचंच म्हणणं, आणि ते मला पटलंही होतं. तेव्हा घरच्याच गाडीचं काय झालं, ते पहिल्यापासून सांगते.

दोष द्यायचाच तर तुमच्या चिरंजीवांच्या एका वाक्याला द्या. निघताना ते सहज म्हणाले, "बाबा, डी मध्ये टाकली की जरा हिसका देते." दुसऱ्या कुणी ऐकून सोडून दिलं असतं. आमचे हे तळोज्याला एका कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. आता घरात बॉयलर नाही, म्हणून ते मिक्सरला कान लावतात, गिझरला लावतात, एकदा तर माझ्या गुडघ्याला कान लावून "बेअरिंग गेलं हाय" म्हणाले होते. त्या रात्री जेवताना हातातली भाकरी तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "असला हिसका घेऊन कसारा घाट चढायचा, आन् मागं मांडीवर पोर?" मलाही तो घाट दिसायला लागला.

तर असं आहे म्हणे, की या आपोआप गिअर पडणाऱ्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं तेल असतं. पूर्वी ते बघायला एक पट्टी असायची, उपसायची, पुसायची, परत बुडवायची. इंद्रजीतरावांच्या गाडीला ती पट्टीच नाही. सगळं सीलबंद. हे चष्मा लावून सगळीकडे पट्टी शोधत होते आणि शेवटी मला येऊन म्हणाले, "जे तेल दिसत नाय ते हाय कशावरून?" गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, हे तेल लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही. यांनी शोरूमला फोन लावला आणि विचारलं, लाइफटाइम म्हणजे कुणाचा? तिथल्या मुलीने बराच वेळ कुणाकुणाला विचारून सांगितलं, गिअरबॉक्सचा. म्हणजे गिअरबॉक्स मरेपर्यंत तेल बदलायचं नाही, आणि तो मेला की मग बदलायला काही उरतच नाही. यांनी शांतपणे फोन ठेवला आणि जुनी लुंगी नेसायला आत गेले. जुनी लुंगी निघाली की त्या दिवशी घरातलं काहीतरी उघडं पडणार, हे मला लग्नापासून माहीत आहे.

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक माणूस गाडीखाली झोपून सगळं नीट समजावतो. पण सुरुवातीला तो फार बोलतो म्हणून यांनी ती सुरुवात पुढे ढकलली. नेमकं त्या सुरुवातीतच तो सांगत होता, की आधी तेल भरायचा वरचा बोल्ट उघडतोय ना ते बघा, आणि मगच खालचा उघडून जुनं तेल सोडा. यांनी गाडी पेव्हर ब्लॉकवर चढवली आणि थेट खालचा बोल्ट उघडला. तेल आलं, चहा उकळत ठेवून विसरल्यावर होतो तसं काळं. ते धरायला यांनी बादली घेतली असेल, असं मला वाटलं होतं. विहीणबाई, तुम्ही रागावू नका, पण तुम्ही बारशाला आभासाठी पाठवलेला तो गुलाबी टब होता. (कडेला बदकं होती, ती आता ओळखू येत नाहीत.) मग यांनी वरच्या बोल्टला हात घातला. तो हलेना. पान्याला पाईप लावला, त्या पाईपला स्वतः लोंबकळले, तरी हलेना. जुनं तेल टबात, नवं डब्यात, आणि गाडीच्या पोटात थेंब नाही. तशी चालवली तर गिअरबॉक्स कायमचा जाईल, म्हणजे गॅरेजपर्यंतही नेता येईना. शेजारची गोदू कुंपणावरून डोकावली, नवं तेल लालभडक बघून तिला वाटलं आम्ही कोकमाचं आगळ विकायला काढलंय. तिने भाव विचारला. हे तिच्याशी अजून बोलत नाहीत.

शेवटी नाक्यावरच्या गॅरेजमधला प्रणित त्याचा लांबलचक पाना घेऊन आला आणि त्याने तो बोल्ट तापवून काढला. जाताना टबाकडे बघून हसला, ते यांना लागलं. "आता पुढचं माजं मी बगतो," असं सांगून यांनी त्याला वाटेला लावलं. पुढचं म्हणजे काय, तर तेल भरल्यावर ते बरोबर मापात आहे का, हे बघणं. पट्टी नाही ना. त्याची रीत अशी, की गाडी सपाट जागी हवी, इंजिन चालू हवं, तेल अंगाला लावता येईल इतकं कोमट हवं, आणि तेव्हा खालचा एक बोल्ट उघडला की जास्तीचं तेल धारेने गळतं. धारेचे थेंब झाले की बंद करायचं. आता आमच्या दारात सपाट जागा कुठली? समोर इमारत उठतेय, तिथल्या सुदाम गवंड्याची सपाटी मोजायची पाण्याची नळी मागून आणली आणि दोघांनी मिळून भिंत उभारावी तशी गाडी लेव्हलमध्ये आणली. राहिलं तेल किती तापलंय ते बघणं. व्हिडिओतल्या माणसाकडे त्याचं यंत्र होतं. आमच्याकडे आभाचा थर्मामीटर होता.

पुढचं वाचताना घाबरू नका, सगळं ठीक आहे. त्याच दिवशी आभाला लस दिली होती, आणि संध्याकाळी अंग जरा कढत लागलं. स्नेहलने कपाटातला थर्मामीटर घेतला, बटण दाबलं, आणि अशी किंचाळली की माझ्या हातातली परात पडली. एकशे पाच! मी देवासमोर पळाले, तिथून काहीच न करता परत आले, कुणी रडत होतं, कुणी दुपटं शोधत होतं, आणि घरची गाडी दारात ब्लॉकवर चढून बसलेली. रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. हे मागून धावत आले, तशाच जुन्या लुंगीत, कोपरापर्यंत तेल. डॉक्टरांनी स्वतःचा थर्मामीटर लावला तर साधी कणकण, लस दिल्यावर येते तेवढी. मग त्यांनी आमचा हातात घेऊन बटण दाबलं, परत एकशे पाच. ही यंत्रं बटण दाबलं की आधी मागचा आकडा दाखवतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? डॉक्टर विचारात पडले. तेव्हा दारातून यांचा आवाज आला, "डॉक्टर, तो ताप गिअरबॉक्सचा हाय."

मला हसावं की रडावं कळेना, आणि मी दोन्ही केलं. यांनी मात्र घरी येऊन जेवणाला हात लावला नाही. रात्रभर पाळण्याशी बसून होते. दुसऱ्या दिवशी दोन नवे थर्मामीटर आले, एकावर रंगाने "आभा" लिहिलंय.

तेल तर त्या दिवशीच भरून झालं, थेंबही बरोबर पडले. मग गाडी का येत नाही? मीही रोज हेच विचारते. गुरुवारी हे म्हणाले, तेल मुरायला हवं. (लोणचं मुरतं हे मला ठाऊक होतं.) शुक्रवारी म्हणाले, नव्या तेलात गिअर नव्याने शिकतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. काल म्हणाले, हॉर्न जरा बसल्यासारखा वाटतो. हॉर्नचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणाले, तुला बॉयलरमधलं काय कळतं? तरी बुधवारपर्यंत नक्की निघतील, असं मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. व्याहीबुवांना नमस्कार सांगा, पण टबाचा भाग वाचून दाखवू नका.

तुमची,
सौ. मनिषा कमळाकर घरत

ता. क. लाडवांचा डबा स्टीलचा आहे, परत यायला हवा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. (सीलबंद वस्तू उघडायची खोड संसर्गजन्य असावी.) आत्ता प्रणित त्याचा पाना न्यायला आला आणि मला म्हणाला, "काकी, काकांनी परवा खारघरच्या चढावर गाडी मारली ना? एकदम लोण्यासारखी चालतेय." परवा दुपारी आम्ही झोपलो होतो. मी तणतणत खाली उतरले, यांना चांगलं विचारायचंच असं ठरवून. हे गाडीत बसले होते. मांडीवर आभा, एसी चालू, आणि तिची मूठ गिअरच्या दांड्यावर ठेवून तिला शिकवत होते. "पी मंजे पनवेल. आर मंजे रिव्हर्स, मंजे परत यायचं. एन मंजे नाशिक, एनमदे गाडी जागची हलत नाय." मग बोट डी वर आलं, म्हणजे गाडी पुढे निघायच्या खुणेवर. तिथे ते थांबले, नुसते तिच्या टाळूवर हात ठेवून बसून राहिले. मी चप्पल हातात घेऊन परत वर आले. या माणसाने तीस-पस्तीस वर्षांत मला कधी एका जागी बसून काही सांगितलेलं नाही, विहीणबाई.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं याच्यासाठी. मुळात हे तुम्हाला मागणं बरं नाही, हे मला कळतं. ती तुमचीही नात आहे, तुम्ही रंगवलेल्या खोलीत रोज एकदा जाऊन येत असाल, हेही कळतं. तरीपण त्या गिअरबॉक्सला अजून पंधरा दिवस लागतील, असं आता माझंही मत पडलं आहे. यांना विचारू नका, तुम्हाला काही माहीत आहे असं दाखवू नका, उलट फोनवर जरा काळजीने हॉर्नची चौकशी करा. आणि खोली रिकामी बघवत नसेल तर तुम्हीच इकडे या. आपण दोघी तिला आळीपाळीने घेऊ, तुमचं हळदीकुंकू इथेच करू, गोदूलाही बोलावू. फक्त एक कराल तर बरं होईल, येताना बसनेच या. दुसरी कुठलीही गाडी दारात लागली, तर हे जुनी लुंगी नेसून तिच्याखालीही शिरतील, आणि मग तुम्ही नाशिकला परत कधी जाणार, ते मला सांगता येणार नाही.