जीपला फुटलेली लव

दादा,

मिलिटरीची जीप लिलावात विकताना सरकारला हिरवा रंग चालतो, आणि तीच आमी आरटीओत पासिंगला नेली की तिथल्या साहेबाला तो गुन्हा वाटतो. लाज कशी न्हाय त्या माणसाला?

घरीच निळा मारला, वहिनींच्या ढेकूण मारायच्या पंपानं. पण शेजारचे माग चालू होते. उडालेला कापूस ओल्या रंगावर बसला आणि जीपला चादरीसारखी लव फुटली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आता हीच पांघरून झोपा." आपल्या पेठेत पापडसुद्धा मागांच्या सुट्टीला वाळत घालतात, हे तुला ठाऊक हाय. तरी "आजच मार" म्हणून तूच हटून बसलास.

ती घाई कशाची, ते आज कळलं. तू नसताना सांगोल्याचा महिपती गिऱ्हाईक म्हणून आला, टायर दाबून, बॉनेट उघडून बघून गेला. इंजिन मी बांधलं, लायसन मी काढलं, भाड्याच्या शिटा भरून मीच नेणार होतो.

पॉलिश पेपर आणायला शुक्रवार पेठेत चाललोय. पण उत्तर मिळाल्याबिगर घासायला घेणार न्हाय. हा रंग पासिंगसाठी हाय का महिपतीसाठी? वहिनींजवळ निरोप ठेवू नकोस, तोंडानं सांग.

मानसिंग