भिंतीवर राहिलेला कागद

रेडमंड, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय रत्ना,

तुझी मेल येऊन तीन आठवडे होऊन गेले. आपल्या कागदाच्या कामात परत येतेस का, की सुमेधाला भागीदार करून घेऊ, हो की नाही एवढंच कळव, असं तू लिहिलंस. किती सहज लिहिलंस गं! मी पाच वेळा उत्तर टाइप केलं आणि पाच वेळा खोडलं. शेवटी आज पेन घेऊन बसले. केदार ईशानला घेऊन लायब्ररीत गेलाय, बाहेर नेहमीचा पाऊस आहे, आणि तू समोर नाहीस, त्यामुळे मला मध्येच तोडायलाही कुणी नाही. तेव्हा आता निमूट ऐक.

आधी तुझी बातमी. वहीवाल्यांची एवढी मोठी ऑर्डर, आणि त्यांनी कागद पांढराशुभ्र करून मागितल्यावर तू सरळ नाही म्हणालीस, हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. ब्लीचचं पाणी ओढ्यात सोडलं असतंस तर धनमायादिदींनी नेपाळहून चालत येऊन तुझा कान धरला असता. त्यांच्या घरी आपण तीन महिने शिकायला राहिलो, तेव्हा पहिला आठवडा त्यांनी आपल्याला लगद्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. साल आणणाऱ्या हर्कदाइंच्या मागे डोंगरात पिटाळलं. ज्याच्या सालीचा कागद होतो ते लोकताचं झुडूप जमिनीपासून वीतभर वर कापायचं, मूळ हलवायचं नाही, आणि मग पाच वर्षं त्या झुडपाकडे फिरकायचं नाही. दुसऱ्याच कुणी येऊन उपटून नेलं तर, असं तू विचारलंस. तेव्हा दाइ म्हणाले होते, "त्याचं त्याच्यापाशी." निघताना आपण पोतंभर साल मागितली, तर दिदींनी चक्क नकार दिला. रीत घेऊन जा, साल तुमच्या गावातली शोधा, म्हणाल्या. म्हणून तर आपण सासवडला रेशीमवाल्या शेतकऱ्यांच्या मागे लागून तुतीच्या छाटलेल्या फांद्या गोळा करत हिंडलो. शिकल्यासवरल्या पोरी सरपण वेचतात म्हणून तुझ्या रेखामावशींना कोण लाज वाटायची!

आता माझं. माझ्या व्हिसावर काम करायला मनाई आहे, हे तुला माहीत आहे, पण ते रोज कसं लागतं हे मी कधी लिहिलं नाही. इथे कुणीही भेटलं की दुसरा प्रश्न "तू काय करतेस?" हाच. पहिल्या वर्षी मी सांगायचे, मी कागद करते. मग सांगायला लागले, करायचे. आता मी केदारचं नाव सांगते आणि ईशानचं वय. केदारची ग्रीन कार्डाची फाईल दोन वर्षांपूर्वी गेली, ती कुठल्याशा टेबलावर पडून आहे. ती निघेपर्यंत त्याला नोकरी बदलता येत नाही, त्याला नको असलेलं काम सोडता येत नाही. घरात एखादं आजारी वडीलधारं माणूस असावं तसं आम्ही सगळं त्या फाईलच्या कलाने करतो. ती आणखी दोन वर्षांत होईल असं केदार म्हणतो. गेल्या वर्षीही दोनच म्हणाला होता.

या मार्चमध्ये एक गंमत झाली. इथे एका गल्लीत शर्मिला नावाच्या काठमांडूच्या बाईचं छोटं दुकान सापडलं. वह्या, कंदील, पाकिटं, सगळं लोकताचं, तिच्या माहेरच्या माणसांनी केलेलं. मी एक वही उचलून नाकाशी धरली आणि भर दुकानात रडायला लागले. बिचारीने मला चहा करून दिला! मग तिनेच सुचवलं, खराब झालेल्या वह्या आणि कातरणं पडून आहेत, त्यांचाच लगदा कर आणि शनिवारी दुकानापुढे लोकांना कागद ओतून दाखव. पैशांचा प्रश्नच नव्हता, मला फक्त हात भिजवायचे होते. लगदा ओतायच्या चौकटी केदारने केल्या, बरं का. लाकूड आणलं, मोजून कापलं, त्यावर कापड ताणून बसवलं, आणि कोपऱ्यांना ईशानकडून सँडपेपर मारून घेतला. त्याला इतका खूश मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

फक्त ऊन नव्हतं. आपल्याकडे सकाळी ओतलेला कागद दुपारी कडकडीत वाळायचा, इथे चार चार दिवस ओलाच. ईशान दर दहा मिनिटांनी बोट लावून विचारायचा, "मम्मा, इज इट ड्राय येट?" प्रत्येक कागदाला त्याच्या बोटाचं एक भोक. मी दिदींसारखं "पर्ख, पर्ख" म्हणायचे, थांब म्हणून. आता तो बस यायला उशीर झाला तरी स्वतःलाच "पर्ख" म्हणतो. जुलैत ऊन आलं, आणि रत्ना, मी बारा शनिवार माणसात होते.

मग सप्टेंबरमध्ये इथल्या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात माझा फोटो आला. कोपरापर्यंत लगद्यात हात आणि खाली ओळ, दुकानातली कागद करणारी कारागीर. मी वेडी, चार प्रती उचलून आणल्या आणि एक फ्रिजवर लावली. केदार ऑफिसातून आला, वाचलं आणि पांढरा पडला. "अगं, हे कुणी पाहिलं तर? तू तिथे जॉब करतेस असं दिसतंय!" दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला फोन केला. फुकट केलेलं कामसुद्धा काम धरलं जाऊ शकतं, ताबडतोब बंद करा, असं उत्तर आलं. इतकी वर्षं लपूनछपून काही केलं नाही आणि मिरवायला गेले तिथेच अडकले.

केदार ओरडला असता तर बरं झालं असतं. मला मनसोक्त भांडता आलं असतं. त्याने चौकटी एकेक पुसल्या, जुन्या चादरीत गुंडाळल्या आणि गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या. मग स्टुलावरून उतरता उतरता म्हणाला, "तू जा यार सासवडला. सहा महिने, वर्ष, काय लागेल ते. मी मॅनेज करतो." मला त्याचा राग आला, कारण तो मनापासून बोलत होता. मी तिकिटं पाहिली. ईशानला नेलं तर केदार या ओल्या घरात फाईलबरोबर एकटा, ठेवलं तर मी तिथे प्रत्येक चौकटीत बोट शोधत बसणार. वर्षाने परत यायचंच आहे, मग तुला पुन्हा अर्ध्यावर सोडायचं. तिसरी वाट मला दिसत नाही, आणि मी खूप शोधली. मी इथे कोंडली गेले आहे, रत्ना. दाराला कुलूप नाही, म्हणून तर कुणावर खापरही फोडता येत नाही. झुडूप पाच वर्षांनी पुन्हा वाढतं वगैरे मला लिहू नकोस. मी झुडूप नाही.

आता ज्यासाठी बसले ते. मी निघाले त्या संध्याकाळी टॅक्सी दारात उभी असताना मी हट्टाने एक शेवटचा कागद ओतला होता. तो वाळायच्या आत मी विमानात बसले. ज्याने ओतला त्यानेच चौकटीवरून उतरवायचा, कागद कुठे पातळ आहे ते त्याच्याच हाताला ठाऊक असतं, असा दिदींचा नियम. तो पाळून तू ती चौकट जवळजवळ चार वर्षं आत दाराच्या वर भिंतीवर टांगून ठेवलीस, आणि प्रत्येक मेलच्या शेवटी "तुझा कागद भिंतीवर आहे" असं लिहीत आलीस. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच ते वाक्य नव्हतं. तू विसरली नाहीस, तुला मला भरीस पाडायचं नव्हतं, एवढं कळतं मला. माझं उत्तर नाही. सुमेधाला भागीदार कर, उद्याच कर. आणि माझा कागद तू उतरव. दिदींना मी सांगितलं म्हणून सांग. घाईत ओतला होता, डावा वरचा कोपरा पातळ असेल, तिथून सुरुवात करू नकोस. खालून, उजवीकडून सोडव. मग चौकट धुऊन सुमेधाला दे, तिचा पहिला कागद त्यात ओतू दे. माझा फाटला तर तुकडे लगद्यात टाक, आणि मला कळवू नकोस.

तुझीच,
रेणू