सांगितलं की गुण जातो

२४ मार्च, मंगळवार

त्या दिवशी सकाळी सगळं रोजच्यासारखंच होतं. अंगण झाडलं, दोन हंडे पाणी आणलं, शेळीला पाला टाकला, भाकरी थापल्या. मग वैशालीची वेणी घातली. ती म्हणाली, "माय, भूकच न्हाई." मी म्हटलं, शाळेतली खिचडी दिसली की लागंल. हनुवटी धरून भांग सरळ आला का पाहिलं. म्हणजे मी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. चांगल्या उजेडात पाहिलं होतं.

काल इथं हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" मला सांगता आलं नाही.

कुरुंद्यात या दिवसांत पिवळं कोण नसतं. हळद शिजते, वाळते, ड्रममध्ये घालून पॉलिश करतात, तिचा धुरळा घरात येतो. माझी नखं, पदर, उशी, शेळीची दाढीसुद्धा पिवळी. वै. शाळेतून आली की माझ्याजवळ बसून गोल गट्टू वेगळे, लांब हळकुंडं वेगळी करायची. रात्री ओल्या फडक्यानं मी तिचं तोंड पुसायची. पिवळं निघत नव्हतं म्हणून तिलाच रागवायची, नीट घासत न्हाईस म्हणून.

त्याच दिवशी शाळेतल्या बाईंनी ओळखलं. चौथीच्या वर्गातून तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या.

२५ मार्च, बुधवार

रक्ताचा कागद आला. कावीळ चौदा. लिव्हरला सूज आहे. डॉ. बाई म्हणाल्या, आकडा वाढला किंवा मुलगी जास्त झोपाळू झाली, बडबडायला लागली, तर लगेच नांदेडला पाठवू. "झोपेवर लक्ष ठेवा," म्हणाल्या.

इथं प्रत्येक बाई लेकरू झोपावं म्हणून धडपडते. मी वै. झोपली की घाबरते. थोड्या वेळानं हलवते. "वैशे, तुझ्या बाईंचं नाव काय?" ती डोळे न उघडता सांगते. मग परत झोपू देते.

पलंग लेकराचा, पलंगाखालची जागा मायीची. बारा पलंग, बारा बाया. मी हळदीचं रिकामं पोतं आणलं आहे, त्यावर आडवी होते. पाय लांब केले तर शेजारच्या पलंगाखाली जातात. तिथं सात नंबरची नानी, हिंगोलीचीच, नातीला घेऊन आलेली. सकाळी म्हणाली, "रात को तेरे पाँव मेरे घर में आए थे. क्या चोरी करने आए थे, पूछ उनको." सगळ्या हसल्या. मीही हसले.

पहाटे फरशी पुसायला येतात. "उठा, पानी येऊन राहिलं!" मग आम्ही सगळ्या पोती, चादरी छातीशी धरून भिंतीला उभ्या, फरशी वाळेपर्यंत. लुगडं बदलायचं तर एकीनं चादर धरायची, दुसरीनं आत जायचं.

एकीनं विचारलं, "तुमचे मालक बाहेर शेडात झोपतेत का?" न्हाई म्हटलं. "मग उद्या येतील." मग तिचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं आणि ती पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

हे जाऊन तीन वर्षं झाली. दोन दिवस छाती जळते म्हणत होते, आम्ही सोडा पाजत राहिलो.

बुधवारीच, नंतर

वर लिहिलं पण जे लिहायचं ते लिहिलं नाही.

शाळेतल्या बाईंनी वै.ला घरी आणून सोडलं तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे दीर, म्हणाले, "दवाखान्यात काविळीला औषधच नसतंय, वैनी. उतरवून घ्यावं लागतंय." पलीकडच्या गावात एक म्हातारे झाडपाल्याचं देतात. भाऊजींनी स्वतः मोटारसायकलवर जाऊन आणलं. हिरवं, वाटलेलं, पानात बांधलेलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन सकाळी, उपाशीपोटी, ताकात कालवून. कशाचं आहे ते विचारायचं नाही आणि दिलं हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

मी वाचणारी बाई. शाळेत गेले नाही, पण वै.च्या पहिलीच्या पुस्तकापासून तिच्याबरोबर शिकले. आता पेपर वाचते, ग्रंथालयातली पुस्तकं आणते. तरी वाटी माझ्या हातात होती. तिनं दोन घोट घेऊन तोंड वाकडं केलं तर नाक धरून मीच पाजलं. तिसऱ्या दिवशी उलट्या. चौथ्या दिवशी उठेना. मग भाऊजींनी बाजाराला हळद घेऊन निघालेला टेम्पो थांबवला आणि आम्ही पुढं बसून इथं आलो.

दाखल करताना सिस्टरनं विचारलं, "काही गावठी औषध दिलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी बोलले, "न्हाई, न्हाई. काहीच न्हाई."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

२६ मार्च, गुरुवार

वै.नं अर्धी वाटी पेज घेतली. लघवी अजून हळदीच्या पाण्यासारखी.

काल संध्याकाळपासून अकरा नंबरला पुसेगावचा एक माणूस आला आहे. दीड वर्षाची मुलगी, छातीत कफ. बायको चार दिवसांची बाळंतीण, घरी. म्हणून हाच. वॉर्डात रात्री बायाच राहतात. सिस्टरनं त्याला बाहेर बसवलं तर मुलगी आभाळ डोक्यावर घेऊन रडायची. आत बसवलं तर बाया कुरकुरायच्या. "पुरुष माणूस बसल्यावर आमी आंग टाकावं कसं?" तो दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा. "ताई, मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तुमी म्हनसाल तर डोळ्याला रुमाल बांधतो."

नानी म्हणाली, "रुमाल बांध के बच्ची को कैसे देखेगा रे? दवा नाक में डालेगा."

शेवटी मी माझं जुनं लुगडं दिलं. खिडकीच्या गजाला एक टोक, सलाईनच्या स्टँडला दुसरं, असा त्याच्या पलंगाला आडोसा केला. आडोशामागून त्याचं बोबडं बोलणं ऐकू यायचं. मुलीला कापसाच्या बोंडांना नावं देऊन सांगत होता, हे बोंड मामा, हे बोंड मावशी. सगळ्या बाया ऐकत होत्या आणि न ऐकल्यासारखं करत होत्या. सकाळपर्यंत सगळ्याजणी त्याला पुसेगावचे भाऊ म्हणायला लागल्या.

२७ मार्च, शुक्रवार

आज वै. थोडी ताजी होती. पलंगाच्या पायथ्याला कागदांची फाइल असते, ती तिनं मागून घेतली. सगळं इंग्रजी. मला इंग्रजीची फक्त अक्षरं येतात, तीही तिनं शिकवलेली. ती बोट ठेवून वाचत होती. "हे माझं नाव. हे वय. नऊ." मग एका ओळीवर थांबली. "एन, ओ. नो. नो म्हणजे नाही, माय."

"काय नाही?"

"पुढचं लई गिचमिड हाय."

सिस्टर इंजेक्शन द्यायला आली तेव्हा मी बोट ठेवून विचारलं. ती म्हणाली, "गावठी औषध दिलेलं नाही, असं लिहिलंय. काहून?"

"काही न्हाई. असंच."

ती गेली. वै. माझ्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "पन मी तर पेले होते ना?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "बोलायचं न्हाई. गुण जातो."

तिनं मान हलवली. मग स्वतःचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. सलाईनचा हात. नळी ताणली गेली.

खरंच गुण जात असेल तर? मी पुस्तकं वाचते म्हणून तसं नसतं असं मला खात्रीनं म्हणता येत नाही. आणि गुण आलाच नसेल, उलट त्यानंच बिघडलं असेल, तर डॉ. बाई अंधारात औषध देत आहेत. दोन्ही बाजूंनी मीच.

२८ मार्च, शनिवार

सकाळच्या राउंडला अकरा नंबरशी डॉ. बाई बराच वेळ थांबल्या. पुसेगावचे भाऊ आपणहून म्हणाले, "मॅडम, एक चूक झाली. इथं यायच्या आधी मी माझ्या बापाची खोकल्याची गोळी अर्धी करून दिली व्हती. दोनदा."

डॉ. बाई चिडल्या. सगळ्या वॉर्डासमोर बोलल्या. मोठ्यांची गोळी, दीड वर्षाच्या लेकराला, अक्कल आहे का. भाऊ खाली मान घालून उभे. मग बाईंनी गोळीचं नाव विचारलं, भाऊंनी खिशातून कागद काढून दाखवला, बाईंनी लिहून घेतलं आणि एक औषध बंद केलं.

त्या पुढं गेल्यावर मी म्हटलं, "लई बोलल्या तुमाला."

"बोलू द्या की. घरी बायको याच्या दुप्पट बोलती."

मग डॉ. बाई आमच्या पलंगाशी आल्या. कालच्या रक्ताचा कागद हातात. कावीळ सोळा. वाढली.

"वाढायला नको होती," म्हणाल्या. फाइल उलटून पाहिली. मग माझ्याऐवजी वै.शी बोलल्या. वाकून, गालाला हात लावून. "बाळा, घरी तुला कुणी काही वेगळं प्यायला दिलं होतं का? कडू, हिरवं?"

वै.नं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

बाई "बरं" म्हणाल्या. सोमवारी परत रक्त घेऊ, आकडा चढला तर नांदेड. पुढं गेल्या. वै.नं डोळ्यांनीच मला विचारलं, बरोबर केलं ना?

माझ्या पोरीनं कधी खोटं सांगितलं नव्हतं. शाळेत पट्टी हरवली तरी घरी येऊन सांगायची.

दुपारी भाऊजी आले. दशम्या, लिंबं, वै.साठी रंगीत खडू. "वैशाबाई, उठा, किती झोपता," म्हणत तिच्या पायाशी बसले. ती हसली. हे गेल्यापासून त्यांनी आम्हाला कधी उघडं पडू दिलं नाही. हे मी विसरत नाही.

बाहेर नळापाशी मी म्हटलं, "भाऊजी, सोळा झाली. मी सांगते डॉक्टरला."

"आन् मला खोटं पाडता? मी बोललो ना तव्हा, न्हाई म्हनून?"

"तुमाला काही म्हनणार न्हाई मी."

"वैनी, आवो आदी वाढून मग उतरती ती. त्या म्हाताऱ्यानं सांगितलंय तसं. आता तोंडातून काढलं तर सगळंच वाया जाईल. लेकराच्या जिवाशी खेळू नका."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनाही भीतीच वाटत होती. एवढं बोलून ते फाटकाकडे गेले. पुन्हा मागं आले आणि लिंबांची पिशवी नीट बंद करून माझ्या हातात दिली.

रविवारचं लिहायचं राहिलं. आज ३० मार्च, सोमवार

शनिवारी संध्याकाळी वै.ला झोप जास्त येत होती. बाईंचं नाव विचारलं तर सांगितलं, पण थांबून. शाळेचं नाव सांगितलं. मग मी विचारलं, "तुझ्या बाबांचं नाव?" तर ती म्हणाली, "ते शेतात गेलेत."

झोपेत बोलली असेल. सिस्टरला बोलावलं. तिनं टॉर्च मारून डोळे पाहिले, नाव विचारलं, वै.नं बरोबर सांगितलं. "लक्ष ठेवा," म्हणाली.

मी पलंगाखाली गेलेच नाही. पायथ्याशी बसून राहिले. नानीनं उठून स्वतःची घोंगडी माझ्या पाठीवर टाकली. "क्या बात है, बोल," म्हणाली. मी वै.च्या पायावरची चादर सारखी केली. ती बराच वेळ माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "मेरी बेटी के टाइम मैं भी चुप बैठी थी." मग उठून तिच्या नातीकडे गेली. तिच्या मुलीचं काय झालं ते मी विचारलं नाही. नात तीच सांभाळते.

आज सकाळी परत रक्त घेतलं आहे. कागद यायचा आहे. वै. जागी आहे, भाऊजींनी आणलेल्या खडूंनी फाइलच्या कोऱ्या पाठीवर काहीतरी काढते आहे. त्यांना कसं सांगायचं ते अजून ठरलं नाही. ते उद्या येतील. गुण गेला का राहिला, मला माहीत नाही.

मी केलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी, रविवारी, राउंडला डॉ. बाई आमच्या पलंगाशी आल्या तेव्हा वै.नं परत स्वतःच्या तोंडावर ठेवलेला हात मी काढून माझ्या हातात घेतला आणि सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं सांगितलं की लेकरानं खोटं सांगितलं ते माझ्यामुळं, तिला तीन दिवस झाडपाल्याचं औषध दिलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं पाजलं.