माळढोक न्हाय म्हणून सांगितलं

मंगळवार, फाल्गुन १९७३. राजस्थान, तंबूत.

म्या ज्यांच्या हाताखाली इथं कामाला आहे त्या पक्षी मोजणाऱ्या साहेबांनी आज विचारलं, "तुमच्या तामलवाडीच्या माळावर माळढोक आहे का रे?" म्या न्हाय म्हणून सांगितलं. खोटं. गणपतीत गावी गेलो तवा मादी अंड्यावर बसलेली दादानंच दाखवली होती. एकच अंडं. पण खरं सांगावं तर पक्षी राखायला माळ चराईला बंद. इथल्या मेंढपाळांचा झालाच की! असल्या दुष्काळात दादानं मेंढरं न्यायची कुठं? तरी ते अंडं डोळ्यांपुढून हलंना. साहेबांनी वहीत लिहिलं, 'दुष्काळानं पक्षी गेला.' वर म्हणाले, "असता तर राखणीला तुलाच गावी धाडणार होतो. आता राहा इथंच."

आता कुठल्या तोंडानं सांगू, साहेब, आहे म्हणून?