पिनरच्या दारावरची पाटी

मी, उल्का शशिधर म्हसकर, वय ३२, व्यवसाय बिल्डिंग सर्व्हेअर, राहणार पिनर, लंडन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती ठीक आहे. मराठीत लिहिते, कारण आईला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये.

१. पिनरचे घर धाकटा भाऊ कुश याला. आई सुप्रभा हिला तिथे तहहयात राहण्याचा हक्क. स्वयंपाकघर तिचे, खिडकी उघडायची की नाही, तीच ठरवील.

२. या घरासाठी मी २००३ साली एजंटला फोन केला. नाव सांगितले. तो म्हणाला, "गेलं ते. इल्फर्डला बघा ना, तुमची बरीच माणसं आहेत तिथं." १९७४ साली बाबांना पिनरमध्ये हेच ऐकावे लागले आणि ते इल्फर्डला गेले. मी दहा मिनिटांनी ऑफिसातल्या जोआनाला फोन करायला लावला. तिला शनिवारी अकराची वेळ मिळाली. तिच्याबरोबर मी गेले. मालकीणबाईंना माझी काही अडचण नव्हती. एजंटविरुद्ध तक्रार केली. उत्तर आले, गैरसमज झाला.

३. पुढच्या वर्षी आईबाबांनी माझ्याकडे येण्यासाठी इल्फर्डचे घर विकायला काढले. तिथला एजंट म्हणाला, दारावरची नावाची पाटी काढा, देवांचे फोटो काढा, फोडणीचा वास भिंतींत मुरलाय. मी ओलावा मोजायचा मीटर लावला. भिंती कोरड्या होत्या. मीटर वास मोजत नाही, हे मला माहीत आहे. आईने सहा आठवडे बागेतल्या शेडमध्ये फोडण्या दिल्या. पाटीचे स्क्रू मीच काढले. बाबा एवढेच म्हणाले, "जपून गं, पितळ वाकतं." बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावाची ती पाटी आता पिनरच्या दारावर आहे. मीटर कुशला.

४. कुश म्हणतो, "ताई, विकताना पाटी काढावीच लागेल. प्रॅक्टिकल हो जरा." म्हणून अट: नव्या मालकाच्या हाती किल्ल्या पडेपर्यंत पाटी दारावर राहील. आधी काढल्यास विक्रीची सर्व रक्कम भेदभावाच्या तक्रारी फुकट लढवणाऱ्या एखाद्या कायदा-मदत केंद्राला जाईल.

५. घर पाहू इच्छिणाऱ्यांचे फोन कुशने स्वतः घ्यावेत, वहीत नोंदवावेत आणि त्याच क्रमाने घर दाखवावे. नाव काहीही असो.

६. जोआनाला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही. मजकूर तिला इंग्रजीत सांगितला. ती म्हणाली, "मी तर नुसता फोन केला होता."

मीही नुसता फोनच केला होता.

सही: उल्का शशिधर म्हसकर
दोघा साक्षीदारांसमक्ष, पिनर, ११ मार्च २००६

साक्षीदार:
जोआना पिअर्स, सहकारी
ओरेन पेणकर, शेजारी