कोमट मंडळाची परीक्षा

प्रिय अनिरुद्ध,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू दे. तुझं पत्र पोचलं. म्हणजे माझ्या नावाचं नव्हतंच ते. तू लिहिलं होतंस ‘नवघाट’ मालिकेचे लेखक चंद्रप्रकाश यांना, प्रकाशकाच्या पत्त्यावर. प्रकाशकानं ते न फोडता नाहूरला आमच्या घरी पाठवलं, कारण त्याच्याकडे चंद्रप्रकाश यांचा पत्ता हाच आहे. आता जरा खाली बस. ज्या माणसाला शोधायला तू पुण्याच्या पेठा पालथ्या घातल्यास, तो माझा बाप आहे. भीमराज नाव त्यांचं. मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडता फाडता पाचही भाग लिहिले त्यांनी. आमचं आडनाव छापलं तर असली पुस्तकं कोण हातात घेणार, असं प्रकाशकाचं मत पडलं, आणि बाबांनाही ऑफिसात बोभाटा नको होता, म्हणून चंद्रप्रकाश. तू मनात रंगवलेला तो गोरापान, संस्कृत जाणणारा प्राध्यापक कधी जन्मालाच आला नव्हता रे. पाणी पी थोडं. कोमटच पी, तुमच्या वाचक मंडळाच्या रिवाजाप्रमाणे.

पत्र छान लिहिलंयस, त्यात वाद नाही. बाबांनाच त्यांची गोष्ट समजावून सांगण्यात तू पानंच्या पानं घालवलीस, ते वाचून मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. नऊ घाटांचा तो मुलूख, जिथं प्रत्येक जण आपल्या घराण्याची विद्या घेऊनच जन्माला येतो, कुणाच्या हातात आग, कुणाच्या शब्दात वादळ. आणि त्यात आपला बारकू, ज्याला घराणं नाही आणि ज्याला एवढंच येतं की त्यानं भांड्यात हात बुडवले की पाणी कोमट होतं. उकळतही नाही. ‘इतका दुबळा नायक आणि इतका थोर नायक मी दुसरा वाचला नाही,’ असं लिहून तू खाली दोन रेघा मारल्या आहेस. बारकूनं मला माणूस केलं, असंही लिहिलंयस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आणि मग तुझं मागणं: सहावा भाग का येत नाही, निदान आम्हा जुन्या वाचकांना तरी शेवट सांगा, मुलुंडला हॉल घेऊन तुमचा सत्कार करू द्या, तुमच्या पायाशी बसून तो शेवट ऐकायला मिळाला तर आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. याचं उत्तर देते. पण माझ्या पद्धतीनं देते, तुला घाई असली तरी.

मी मंडळात कशी आले ते तुला अजून वाटतं तसं नाही. रद्दीच्या दुकानात ‘भाग दुसरा’ हातात पडला आणि वेड लागलं, ही थाप होती. झालं असं की आपल्या बापाची पुस्तकं जगात कुणीतरी वाचतं, इतकंच नव्हे तर त्यांच्या नावानं दर शनिवारी दुपारी मुलुंड ईस्टच्या एका सोसायटीच्या ऑफिसात जमतं, हे मला फोनवर कुठंतरी दिसलं आणि माझा विश्वासच बसला नाही. बघायला म्हणून आले. तू दारातच परीक्षा घेतलीस. मालिकेतले प्रश्न, आणि एक जरी चुकला तरी प्रवेश नाही. मी पटापट उत्तरं दिली, तेव्हा तुझा चेहरा काय झाला होता! मी नाक्यावरून घरी आलेल्या कच्च्या कागदांवर मुळाक्षरं गिरवलेली मुलगी, मला काय अवघड होतं त्यात. पण खरं सांगू, मला तुम्ही सगळे फार आवडलात. अक्षतानं चादरीवर नऊही घाट भरतकामात काढले होते. केयूर मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या रद्दीवाल्यांकडून प्रती सोडवून आणायचा आणि दवाखान्यांत पेशंट बसतात तिथं गुपचूप ठेवून यायचा. ‘बारकू विरुद्ध गीझर’ या विषयावर तुम्ही एक अख्खी दुपार भांडलात आणि बारकू हरला. तिसऱ्या भागात गड पडतो आणि बारकू हरलेल्या सैनिकांचे पाय कोमट पाण्यात धूत बसतो, ते पान वाचताना तुझा आवाज फुटला. त्या दिवशी मी तुझ्या प्रेमात पडले. इतका हळवा माणूस कुणाशी वाईट वागूच शकणार नाही, असं वाटलं मला. किती मूर्ख असते ना मुलगी.

बाबांनी मला शपथ घातली होती की मी कोण आहे हे सांगायचं नाही. कळलं की मंडळातले लोक माझ्याशी खरं बोलणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग दर शनिवारी संध्याकाळी मी घरी येऊन सगळं त्यांना सांगायची. ते तांदूळ निवडत ऐकायचे, मान वर न करता. ‘गीझरशी हरला? बरोबर आहे, हरणारच,’ म्हणून इतके हसले की ताट सांडलं. आईच्या मागे त्यांना इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या भागाच्या फारशा प्रती खपल्या नाहीत, समीक्षकांनी ढुंकून पाहिलं नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ‘आठ-दहा जण आहेत ना,’ म्हणायचे, ‘पुरे झाले.’ तुझं नाव तर त्यांच्या तोंडी सारखं असायचं. ‘तो अनिरुद्ध काय म्हणाला?’ जावई म्हणून नव्हे हं. वाचक म्हणून.

मग बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, चाव्या, मग गॅस, मग शब्द. सहावा भाग मांडला होता, पण वाक्य सुरू करायचे आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे, म्हणजे ते वाक्य कुठं चाललं होतं हे मला माहीत असेल असं. शेवट मात्र त्यांच्या डोक्यात पक्का होता. मी म्हटलं, मला सांगा, मी लिहून घेते. तर म्हणाले, ‘तू घरची. तू वाहवाच करणार. हे वाचकाला सांगायला हवं, त्याच्या तोंडाकडे बघत. मग कळतं जमलंय की नाही.’ मला ते नुसतं बोलणं वाटलं.

आता तो शनिवार. आमच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणाऱ्या दोघी जणी आल्या नव्हत्या, म्हणून मी कामावर होते आणि मंडळात आले नव्हते. तू मला दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात चहाला बोलावलंस, कारण तुझ्याकडे एक धमाल किस्सा होता. तू नक्कल चांगली करतोस. काल एक म्हातारा टपकला यार, म्हणालास. काळाकुट्ट, इस्त्रीचा शर्ट, खाली रबरी चपला, रिक्षावाल्यानं कुठून आणून सोडला कोण जाणे. म्हणतो, बारकूसाठी आलोय. आम्ही म्हटलं, काका, परीक्षा द्यावी लागते. बसला की खुर्चीत, शाळेतल्या पोरासारखा, हात मांडीवर! आणि मग तू विचारलंस, बारकूच्या आईचं नाव काय. सगळ्यांत सोपा प्रश्न, तूच म्हणालास, मुद्दाम सोपा घेतला. पुस्तकात ती रेवा आहे. म्हातारा बराच वेळ कपाळ चोळत राहिला आणि म्हणाला, ‘सुंदराबाई.’ इथं तू इतका हसलास की चहा कपाबाहेर आला. केयूर म्हणाला होता, ही तर आमची भांडीवाली! मी हसले नाही. तू विचारलंस, डोकं दुखतंय का.

मग तू केयूरनं काढलेला व्हिडिओ दाखवलास. त्यात माझा बाप होता. तो शर्ट मी आदल्या दिवशी सकाळी इस्त्री करून ठेवला होता, मला वाटलं होतं बँकेत जायचं असेल. बाबा म्हणत होते, ‘चुकलं असेल माझं, हल्ली होतं असं. पण मला शेवट माहीत आहे. तेवढाच सांगतो आणि जातो.’ मागं सगळे खिदळत होते. अक्षतासुद्धा. बाबांनी सुरुवात केली: ‘बारकू शेवटी नवव्या घाटावर येतो, आणि तिथं…’ आणि तुझा आवाज आला, ‘ओ काका, स्पॉयलर नको! शेवट सांगायचा तर आधी पास व्हा!’ टाळ्या पडल्या. मग तूच त्यांना दंडाला धरून दारापर्यंत नेलंस. ते दारात वळून ‘बरं, अभ्यास करून येतो’ म्हणाले, त्यावर पुन्हा टाळ्या. तो व्हिडिओ तुम्ही ग्रुपवर टाकलात. माझ्या फोनमध्ये अजून आहे तो. तू ज्या शेवटाची भीक मागतोयस, त्याचं जगात शिल्लक राहिलेलं अर्धं वाक्य तेवढंच आहे, आणि पुढचं अर्धं तुझ्या आवाजाखाली दडपलं गेलं आहे.

सुंदराबाई माझी आजी. पाटलांच्या वाड्यावर पहाटे उठून सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी तापवायचं काम होतं तिच्याकडे, थंडीत, आणि घरी यायची तोवर तिच्या लेकरांच्या वाट्याला उरलेलं कोमट पाणी असायचं. बाबा म्हणायचे, माझ्या आईच्या हाताला एवढीच विद्या होती. बारकूची आई पहिल्या लिखाणात सुंदराबाईच होती. प्रकाशक म्हणाला, अद्भुत कथेत हे नाव मोलकरणीसारखं वाटतं, आणि रेवा केलं. म्हणजे बघ, तुझ्या खुर्चीत बसलेल्या त्या माणसानं एकच उत्तर दिलं आणि तेच बरोबर होतं. तू मला फोनवर फोन केलेस, मी का तोडलं विचारत राहिलास, माझी जात मध्ये आली का असंही एकदा विचारलंस, फार मोठ्या मनानं, की आमच्या घरी चालेल म्हणून. तुमच्या घरी चालेल! आमच्या घरी चालणार नव्हतं अनिरुद्ध. जो माणूस कागदावरच्या दुबळ्यासाठी रडतो आणि समोरच्याला दंडाला धरून बाहेर काढतो, तो आमच्या घरी चालत नाही.

त्या शनिवारनंतर मी बाबांच्या मागं लागले की शेवट मला सांगा. ते म्हणाले, ‘आधी पास होतो, मग सांगतो. त्या पोरानं तसंच सांगितलंय.’ आणि त्यांनी स्वतःचीच पुस्तकं काढून अभ्यास सुरू केला, पेन्सिलनं खुणा करत. रोज मी प्रश्न विचारायचे, रोज ते चुकायचे. असंच करता करता एक दिवस शेवट गेला. पुढं कधीतरी हेही गेलं की पुस्तकं आपण लिहिली. आता ते खिडकीत बसून वाचतात आणि मला सांगतात, हा चंद्रप्रकाश बरा लिहितो गं, पण त्या पोराला फार छळतो, आणि लोक याला वाचत का नाहीत? तेव्हा सत्कार वगैरे विसर. हार कुणाच्या गळ्यात घालणार? आणि सहावा भाग तू लिहायला घेतलास, असं मला कुठूनही कळलं तर तो व्हिडिओ मी तुझ्या नावासकट सगळ्या वाचकांना पाठवीन. धमकी आहे असं समज.

आता हे पत्र का लिहिलं ते. शेवट देण्यासाठी नाही, तो कुणाकडेच नाही. तुला माफ करण्यासाठी तर नाहीच. बाबांच्या डोक्यात आता फारसं काही उरलं नाही, पण ‘परीक्षा राहिलीय’ एवढं मात्र उरलंय. शनिवार असो नसो, सकाळी उठून शर्ट घालून बसतात. डॉक्टर म्हणतात, अक्षरओळखही लवकरच जाईल. त्याआधी तू यायचंस. एकट्यानं. फोन खाली ठेवून. समोर बसून तोच प्रश्न विचारायचास, ते जे नाव सांगतील त्याला बरोबर म्हणायचंस, आणि पास झालात काका, असं मोठ्यानं सांगायचंस, कारण कानही कमी झालेत. पाया पडायचं नाही. रडायचं तर अजिबात नाही, तुझं रडणं मी पुष्कळ पाहिलंय. मग ते तुला विचारतील, दूधवाल्यालाही विचारतात, की हा चंद्रप्रकाश कोण हो, तुम्हाला भेटला का कधी? खोटं बोलू नकोस. सांग, एकदा आमच्याकडे आले होते, शेवट सांगायला, आम्ही त्यांना हसून घालवून दिलं. बाबा खूप चिडतील. एवढ्या चांगल्या लेखकाशी कुणी असं वागतं का, म्हणून तुला घरातून निघून जा म्हणतील. तू मान खाली घालून सगळं ऐकून घे आणि नीघ.

आता फक्त बाबांचीच,
नीलम